आत्या, ह्या वेळी मी न्हाई

मु. माले, ता. मुळशी

ती. चंद्राआत्यास वाल्मीकचा साष्टांग नमस्कार. (पालथा पडूनच लिहितोय, तवा खरा धर.) गुडघे कसे हायेत? तुमच्या चांद्यात आता घरोघर लिफ्ट झाल्यात म्हणं, म्हणजे गुडघ्यांना तक्रारीला जागाच न्हाई. हितं समदी खुशाल.

यात्रंला आबांनी तुला, पोटच्या पोरीला, "तू कुणाची गं बाई?" इचारलं आन् तू ताटावरनं उठलीस. जाताना मला म्हणलीस, "म्हाताऱ्याला शिकवून ठेवलंस व्हय रं मुडद्या?" संशय रास्त हाय. बापाच्या हेल्मेटात अंडी मीच ठेवली व्हती. पण ह्यो उद्योग माजा न्हाई. घोळ लई आधीपासनं व्हता. आबांचा चष्मा तांदळाच्या डब्यात घावला, मार मला. चहात मीठ पडलं, मार मला. चपला फ्रीजमधी निघाल्या तवा आईनं लाटणंच उचललं (चपला गार, लाटणं गरम). आबा एकच गोष्ट चारदा इचारायचे, तर बाप म्हणायचा, ह्यानंच पढवलंय. मग मागल्या म्हैन्यात आबा आपल्याच वावरातनं घरी येताना वाट चुकले. त्या दिवशी मी पिरंगुटला कारखान्यात व्हतो (वीस माणसं साक्षीला). तवा कुठं घरच्यांना पटलं, चोर दुसराच हाय.

पौडच्या मेधा डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी इचारलं, "आबा, आज वार कुठला?" आबा म्हणाले, "एवढी शिकलीस, भितीला क्यालेंडर लावाया काय झालं?" बाई खो खो हसल्या. मग आमाला म्हणाल्या, ह्यो स्मृतिभ्रंश (तीनदा खोडून लिहिलाय). निस्तं म्हातारपण नव्हं आन् वेड तर न्हाईच, मेंदूचा आजार हाय. कमी ऐकू येणं, बीपी, साखर, तंबाखू, एकलकोंडं बसणं, अशानं धोका वाढतो, पण आबांना कशानं झालं ते नेमकं सांगता येत न्हाई. पुरता बरा व्हत न्हाई, पण माणसांत ठेवा, बोलतं ठेवा. आता कानात मशीन बसवलंय. समदं ऐकू येतंय, त्यामुळं आई लई जपून बोलतीया.

तुजा भाचा (ह्या खेपंला निर्दोष),
वाल्मीक

ता. क. – ये. पण "वळखलं का?" असं इचारू नको, त्ये कावरेबावरे होत्यात. सरळ सांग, "आबा, मी तुमची चंद्रा." मी रोज सांगतो, "मी वाल्मीक." त्ये रोज म्हणत्यात, "त्यो उंडगा व्हय?" तेवढं पक्कं हाय.

ता. क. – त्या दिवशी तू गेल्यावर आबांनी चारदा इचारलं, "चंद्रा जेवली का?" हे मी शिकवलं नव्हतं.

ता. क. – तंबाखूची डबी मात्र मीच लपवलीया. बाईंनीच सांगितलंय, जल्मात पैल्यांदा खोडी डॉक्टरनं लिहून दिलीया. पण डबी तेवढी आबा बरोबर हुडकत्यात, घरात जागा उरली न्हाई. तू येऊन ती चांद्याला घेऊन जा. आन् जेवून जा.