हळू लागलेलं दार

श्री कानिफनाथांची कृपा असो

तिसगाव, ११ एप्रिल २०२५

चि. सुकन्या हिला आईचे पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं नाथांच्या दयेने बरे आहोत, तुझं बरेपण कळवत जा. वि. वि.

मोबाईल असताना आई लिहीत काय बसली, म्हणून हसशील. अगं, फोन करावा तर मधली भिंत तुझ्या बायडाकाकूची. माझा आवाज सुप्याला पोचायच्या आधी तिच्या चुलीपाशी पोचतो, आणि विषय तिचाच आहे.

पाडव्याला तू तुमच्या कारखान्यातल्या नव्या बिजागऱ्या पुढच्या दाराला बसवून गेलीस, त्याने तुझ्या अण्णांना फार बरं झालं. ऑपरेशनपासून वाऱ्याने दार आपटलं की छाती धरून बसायचे. आता दार आपलं आपण, मांजरीच्या पावलाने लागतं. पण त्याच गुणाने घात केला.

होळीला नळाच्या पाण्यावरून माझी आणि जाऊबाईंची बोलाचाली झाली, तेव्हापासून अबोला. काल ती आपण होऊन आली गं, लेकीच्या, सृष्टीच्या हळदीचं आवतन घेऊन, हातात कुंकवाचा करंडा. उंबऱ्याबाहेरच उभी. मी दार सताड उघडलं आणि पाट आणायला आत वळले. दिवसा मी दाराला वरवंटा लावून ठेवते, तो नेमका वाटणाला घेतलेला. पाट घेऊन येते तर दार लागलेलं, आणि ती माघारी गेलेली.

मागे धावले, तर तिच्या ओसरीवरून म्हणाली की आपटलं असतं तर वारा समजले असते, इतकं हळू माणूसच लावतं. बिजागरीचं सांगायला लागले, तर म्हणे, आता मुक्या लोखंडावर ढकल.

सृष्टीला तान्हेपणी मी न्हाऊ-माखू घातलं. तिच्या हळदीला मी भिंतीला कान लावून बसू का? बिजागऱ्या काढाव्या तर अण्णांचं काय? काहीतरी तोड सुचव.

पाकीट लाईटबिलाचंच उलटून चिकटवलं आहे, नाव ठेवू नको.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून असलेली,
आई

सुपे, १५ एप्रिल २०२५

ती. आईच्या पायांवर डोकं. वि. वि.

पत्र वाचून आधी वाईट वाटलं आणि मग, रागावू नकोस, थोडं बरंही वाटलं. दार माणसाने लावल्यासारखं लागावं म्हणून आम्ही सगळे वर्षभर खपलो. आमच्या साहेबांनी कधी शाबासकी दिली नाही, ती काकूने दिली. पण ती अशी मिळायला नको होती. उघड्या दारात कोणी आवतन घेऊन उभं असेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी तर त्याच घरात वाढले!

बिजागऱ्या काढू नकोस. आत एक स्प्रिंग आहे ती दार ओढते, आणि घट्ट तेल आहे ते तिला आवरतं. वरच्या बिजागरीखालचा स्क्रू डावीकडे फिरवून सैल केलास की स्प्रिंग ओढणार नाही. दार सोडशील तिथे थांबेल. वारा आला तरी तेल त्याला आपटू देणार नाही, अण्णांची काळजी नको.

मात्र फिरवायच्या आधी काकूला ते दार एकदा दाखव. बोलावल्याशिवाय कशी जाऊ, असं मनात धरू नकोस. तू हळदीला कुठे चाललीस? दार दाखवायला चाललीस.

अण्णांना गोळ्या वेळेवर दे. रागे भरलीस तरी चालेल, पण लिही.

तुझी,
सुकन्या

श्री कानिफनाथांची कृपा असो

तिसगाव, २४ एप्रिल २०२५

चि. सुकन्या, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तरी पाय उचलेना. काल मात्र भिंतीपलीकडे हळकुंडं निवडायचा आवाज आला, आणि नाथांचं नाव घेऊन गेले. जाऊबाई सुपातून मान वर करीना. मी म्हटलं, बोलू नको, पण एकदा चल आणि मग हवं ते म्हण. कशी कोण जाणे, उठली.

दोघी आपल्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिलो. मी दार ढकललं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. दार थोडं थांबलं, मग आलं की गं सावकाश, अगदी माझ्या नाकापर्यंत, आणि लागलं. वर लॅचही पडलं. किल्ली अण्णांच्या खिशात, अण्णा मढीला नाथांच्या दर्शनाला गेलेले, आणि मी भर उन्हात अनवाणी.

 जाऊबाई पदर तोंडाला लावून अशी हसली की ठसका लागला. म्हणाली, बया, तुझ्याच दाराने तुला हाकललं! हसता हसता डोळे पुसले. मग उन्हात पाय भाजतील म्हणून हाताला धरून घरात नेलं आणि सूप माझ्यापुढे सरकवलं. दोघी हळकुंडं निवडत बसलो. सृष्टीने चहा केला, तो मला न विचारता बिनसाखरेचा केला.

अण्णा आले, हाका मारू लागले. जाऊबाईंनी दिराला आतूनच सुनावलं की दार उघडा, पाणी तुमचं तुम्ही घ्या, तिचे हात हळदीत आहेत.

स्क्रू अण्णांनी संध्याकाळी फिरवला. दार आता सोडू तिथे उभं राहतं.

आवतन काही तिने पुन्हा तोंडाने दिलं नाही. मी निघाले तेव्हा एवढंच विचारलं की उद्या हळद फोडायला कोणतं लुगडं नेसणार आहेस. मी म्हटलं, हिरवं. ती म्हणाली, मग मी दुसरं काढते.

हिरवंच नेसून हे लिहिते आहे. पलीकडून हाक आली, पुरं करते. जीवाला जप.

तुझी,
आई