पाहुण्यांसाठी प्रश्नावली

नवीन पनवेल
१४ जानेवारी २०२५

ती. दादास,
प्राचीचा सा. न.

फोनवर आपण दोघं एकदम बोलतो, म्हणून हे पत्र तुझ्या भाविकाच्याच हाती. यंदा समाजशास्त्राच्या वर्गाला मी स्वाध्याय नेमून दिला नाही. विषय तुमचा, पद्धतही तुमची, म्हटलं. तर पोरं विचारतात, की मॅडम, तुम्हाला नक्की कुठला हवाय. निम्म्यांनी मोबाईलचे दुष्परिणाम निवडले. ही मोकळीक की माझा आळस, कळेना. तुझी लेक मात्र विषय सांगत नाही, नुसती हसते. भाचीला झुकतं माप नको, म्हणून तिचं काम दुसऱ्या बाई तपासतील.

वहिनीची सुकट पोचली. वासानं शेजारी बोलायचे थांबलेत.

माया आहे तशीच ठेव.
प्राची

करंजा
२० जानेवारी

चि. सौ. प्राचीस अनेक आशीर्वाद.

ती का हसत होती, ते काल कळलं. पळस्प्याची मंडळी तिला बघायला आली. पोरीनं चहाबरोबर प्रत्येकाला प्रश्नावली आणि पेन दिलं. घरात भांडी कोण घासतं, सुनेचा पगार कुणाच्या हाती, हळदीला डीजे कुणाच्या हट्टानं! मुलाचे मामा भडकले, की आमी पोरी बगाला आलो का परीक्षेला बसाला. मुलगा तेवढा मान खाली घालून लिहीत होता. विचारलं तर म्हणते, आत्यानंच विषय निवडायला सांगितला. चांगलं स्थळ आहे. गेलं, तर दुसरं तू शोधायचंस.

रागात असलो तरी तुझाच,
विनायकदादा

नवीन पनवेल
२१ जानेवारी

ती. दादास सा. न.

चुकलं. माहिती घेण्याआधी समोरच्याची संमती घ्यावी, हे मी शिकवते. तिनं ना पाहुण्यांची घेतली, ना तुझी. पण रात्रभर एकच डोक्यात आहे. त्या बैठकीत भाविकाला कुणी काय विचारलं? मासळी साफ करता येते का, एवढंच ना? तिला एम. ए. करायचंय, हे मला ठाऊक आहे. तू तिला विचारलंयस का?

जास्त बोलले असेन, तर पोटात घाल.
प्राची

करंजा
२४ जानेवारी

चि. सौ. प्राचीस आशीर्वाद.

मुलाच्या आईचा फोन आला. नकारच असणार, म्हणून मी तुझ्या वहिनीला पुढे केलं. तर बाईंना प्रश्नावलीची कोरी प्रत हवी होती. त्यांच्या मुलीला रविवारी बघायला येतायत. मुलाचा होकार आहे म्हणाल्या.

मग मी भाविकाला विचारलं. ती इतकी दचकली, की माझीच मला लाज वाटली. मुलगा आवडला म्हणाली, पण आधी एम. ए. मी तसंच पळस्प्याला कळवलं. उत्तर यायचंय. नाही म्हणाले तरी चालेल, असं तुझी वहिनी म्हणते. मी अजून तिथवर पोचलो नाही. हळूहळू येतोय.

भांडत राहा, पण येत राहा.
विनायकदादा