बरुआसागरजवळचा दगड

३ नोव्हेंबर, रविवार
ठरलं! निखिलच्या घरचे येऊन गेले. (यापुढे नुसतं नि. लिहिणार. आई डायरी चाळते.) तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा, आणि लग्न माघात. नि. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट, म्हणजे इंजिनात ड्रायव्हरशेजारी बसणारा. त्याचे बाबा लष्करात सुभेदार होते. झाशीजवळच्या बबीना छावणीत बरीच वर्षं काढली आणि मग इथेच सदर बाजाराकडे घर बांधलं. मूळचे साताऱ्याचे. त्याच्या आईचं, म्हणजे काकूंचं, मराठी ऐकत बसावं असं. मी म्हटलं, "काकू, तुम्ही बसून घ्या, मी अदरक किसते." त्या गालात हसल्या. आमचं घराणं झाशीला कसं आलं ते बाबांनी सांगायला घेतलं आणि सगळ्यांचा चहा निवला.

गच्चीवर थोडा वेळ आम्ही दोघंच. इंजिनात भीती वाटते का, विचारलं. म्हणाला, वाटते. जनावरांची, त्याहून माणसांची. कोणी रुळावर दगड रचून ठेवतं, कोणी लोखंडाचा तुकडा. नुसती गंमत म्हणून. "आणि मागे डबे भरून माणसं झोपलेली असतात." हे सांगतानाही हसत होता. मला आज झोप लागायची नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार
ऑफिसात लक्ष शून्य. एका बाबूजींच्या विम्याच्या अर्जावर आजची तारीख लिहायची तिथे साखरपुड्याची लिहिली. ते म्हणाले, बिटिया, इतनी जल्दी क्या है. शेजारच्या टेबलावरची सुनीता दिवसभर तेच म्हणून चिडवत होती.

संध्याकाळी आईबरोबर सदरला. साडी हिरवी की जांभळी? भांडण. काहीच न घेता परत. नि.चा फोन आला. उद्या दुपारी पॅसेंजर घेऊन माणिकपूरकडून येणार, मग भेटू.

८ नोव्हेंबर, शुक्रवार


नि.ला दगड लागला. बरुआसागर स्टेशन सोडल्यावर जे वळण आहे तिथे. वळणावर खिडकीतून डोकं काढून मागची सगळी गाडी नीट येते ना ते बघावं लागतं, तो तेच करत होता. टेकाडावरून दगड आला. भुवई फुटली, उजवा डोळा सुजून मिटला.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर त्याचे ड्रायव्हर, यादवजी. शर्टावर नि.चं रक्त. म्हणाले, "बेटी, मैं तो उसी को देखने लगा था. वही चिल्लाया, सर, आगे पीला है." पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल मिळणार, वेग आत्ताच कमी करायचा. यादवजींनी ब्रेक लावला. गाडी लाल सिग्नलच्या अलीकडे थांबली. पुढच्या स्टेशनात मालगाडी उभी होती. डब्यातल्या बहुतेकांना काही कळलंसुद्धा नाही.

एका डोळ्याने. रक्त गळत असताना.

डॉक्टर: डोळ्याच्या आत रक्त साकळलंय. डोकं उंच ठेवून पडून राहायचं. दृष्टीचं आज काही सांगता येत नाही. काकू माझा हात धरून बसल्या होत्या. रडू येत होतं आणि छाती अभिमानाने भरून आली होती, दोन्ही एकदम. असं होतं हे माहीत नव्हतं.

१० नोव्हेंबर, रविवार
आत्या आली. तिचं म्हणणं, सोयरीक मोडू नका, पण साखरपुडा लांबवा, डोळ्याचं कळू दे. डोळा अधू राहिला तर इंजिन कायमचं बंद. नोकरी राहील, पण टेबलावरची. बाबांनी मान डोलावली. म्हणजे त्यांनाही पटत होतं.

मी म्हटलं, "बाबा, लग्नानंतर लागला असता तर?"

बाबा पेपर उघडून बसले. पान काही उलटेना.

संध्याकाळी सुभेदारकाका स्वतःच आले. दारातच म्हणाले, तुमची मुलगी आहे, तुम्ही मोकळे आहात, आम्ही वाईट वाटून घेणार नाही. मी आत स्वयंपाकघरात कान देऊन. मग बाबांचा आवाज आला. "सुभेदारसाहेब, आधी बसा. साखरपुड्याला तुमच्याकडून माणसं किती?"

दूध उतू गेलं. जाऊ दे गेलं तर!

१३ नोव्हेंबर, बुधवार
नि.ला बोटं दिसली! डॉक्टरांनी समोर धरलेली. धूसर, पण दिसली. काकूंनी पेढे आणले, वॉर्डातल्या सगळ्यांना.

नि. म्हणाला, राग असा येत नाही. फक्त एकदा तिथे जाऊन विचारावंसं वाटतं की तुम्ही मारत कोणाला होता. मी म्हटलं, मी जाते. तो नको नको म्हणाला. मी जाणार.

१६ नोव्हेंबर, शनिवार
गेले! सुनीताच्या स्कूटीवर. घरी सांगितलं, शिंप्याकडे.

टेकाडामागे लहानशी वस्ती. पोलीस दोनदा येऊन गेलेले, त्यामुळे आम्हाला बघून दारं लागायला लागली. हापशावरच्या बाया तेवढ्या थांबल्या. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, सगळं विसरले. मोबाइलवरचा फोटो पुढे केला. पट्टी बांधलेला नि. सांगितलं, यांच्याशी माझं लग्न ठरलंय. हे त्या दिवशी इंजिनात होते.

एका म्हातारीने मोबाइल हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग म्हणाली, "हम तो जानत ते, रेल लोहे की है." म्हणजे, आम्हाला वाटायचं गाडी नुसती लोखंडाची.

तिच्या मागून एक परकरातली मुलगी पुढे आली. विचारलं, "आँख फूट गई का?" मी म्हटलं, अभी पता नहीं. ती फोटोकडे बघत राहिली. कोणी मारला, मी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. पण निघताना दारं उघडी होती, आणि म्हातारी रस्त्यापर्यंत पोचवायला आली.

येताना स्कूटीवर मी नुसती बडबडत होते. वाऱ्यात सुनीताला एक अक्षर ऐकू आलं नसणार. ती हो हो म्हणत होती.

त्यांच्यापर्यंत पोचलं का काही? पोचलं असं वाटतं. आज तरी वाटतं.

२४ नोव्हेंबर, रविवार
साखरपुडा झाला!! नि. काळा चष्मा लावून. आत्या म्हणे हिरो दिसतो. यादवजी सहकुटुंब, सगळ्यांना तोच किस्सा ऐकवत. दर वेळी गाडीचा वेग थोडा वाढत होता. अंगठी घालताना नि.ने बोट चुकवलं. तोच म्हणाला, डोळ्यामुळे नाही हो, घाबरलोय. काकू इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी.

३० नोव्हेंबर, शनिवार
नि.ला गाडीत बसायचंच होतं. बरुआसागरला गेलो, तळ्यावर भाजलेले शेंगदाणे खाल्ले, परतीची पॅसेंजर पकडली. वळण आलं तशी लोकांनी सवयीने खिडक्या पाडल्या. फटाफट, सगळ्या डब्यात. नि.ने आमची उघडी ठेवली.

टेकाडावर पोरं होती. रांगेत. हात हलवत होती! ती परकरातली मुलगीही. मी खिडकीतून वेड्यासारखा हात हलवला, ओरडलेसुद्धा. समोरच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात मागे कुठेतरी पत्र्यावर खण्ण वाजलं.

नि. उठला, मागच्या डब्यापर्यंत जाऊन आला. कोणाला लागलं नव्हतं. परत येऊन त्याच खिडकीशी बसला. मी म्हटलं आत सरक. "इथून दिसतं," म्हणाला.

सोमवारी त्याच्या डोळ्याची रेल्वेची तपासणी. पास झाला तर परत इंजिन, परत हीच लाइन. आई दिवा लावणार आहे, काकूंचा उपास. मीही देवाला सांगितलं, पास होऊ दे. मनापासून सांगितलं.

होऊ नये असंही वाटतं. अगदी थोडंसं. हे त्याला सांगितलेलं नाही.