विश्रांतीच्या दोन वाट्या

फासे टाकून पात्रे वठवण्याच्या आमच्या रविवारच्या खेळातले एक कोडे आपण सर्वांनी पाहिले असेल. लढाईनंतर सगळी पात्रे सारखाच तासभर विसावतात. उठताना एकाला खर्चलेले मंत्र परत मिळतात, दुसरा रिकाम्या हाताने उठतो. असे का, हे ज्याला उमगत नाही त्याच्या हाती माझी पेटी पडू नये, म्हणून हा लेख.

मी, विलास भीमराज ओव्हाळ, वय ६४, राहणार मोशी, चाकणच्या एका कारखान्यात तीस वर्षे शिकाऊ कामगारांना मोजमाप शिकवून निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना (जावयांचा आवाज दडपणात धरलेला नाही) माझ्या पश्चात पुढील व्यवस्था करीत आहे.

१. सदनिका व ठेवी पत्नी सरूबाई यांस. ‘या वयात भुतंखेतं कसली मारताय?’ असे विचारत त्यांनी अकरा वर्षे दर रविवारी सहा जणांचे पोहे केले.

२. माझा मायक्रोमीटर कन्या दीक्षा हिस. हा खेळ तिने घरात आणला, नंतर जावईही आणला. पहिल्याबद्दल आभार.

३. जावई समाधान, नोकरी माणच्या आयटी पार्कात, यांस अंकलिपी एक. कारण नोंदवतो. मंत्र वापरला की त्याची जागा रिकामी होते आणि एरवी रात्रभराच्या झोपेनेच भरते. परंतु विझर्ड या वर्गाचा पोथीवाला मांत्रिक, तसेच ड्रुइड या वर्गाचा, विशिष्ट पंथातला रानमांत्रिक, दिवसातून एकदा तासाभराच्या विश्रांतीतही काही जागा भरून घेतो: त्या जागांच्या पातळ्यांची बेरीज त्या वर्गातल्या आपल्या पातळीच्या निम्म्याइतकी, अपूर्णांक वर धरून. पात्र पाच पातळ्या विझर्ड व तीन पातळ्या ड्रुइड असेल, तर एकीकडून तीन, दुसरीकडून दोन. दोन्ही मिळतात, एकमेकांत मिसळत नाहीत. किती सुबक नियम! आणि जावई म्हणतात, ‘पप्पा, एकूण आठ, निम्मे चार, दोनदा चार म्हणजे आठ. सिंपल आहे ओ!’ दोन्ही शिफ्टचे तास जोडून दोन्हीकडे ओव्हरटाइम मागणाऱ्याला आम्ही गेटपर्यंत पोचवत असू.

४. शेजारची दिव्या हिचे मी देणे लागतो. तीन वर्षांपूर्वी, पुलावरच्या लढाईआधी, तिने हेच तीन आणि दोन मागितले. नियमांचा निवाडा करणारा खेळप्रमुख मी. जावयांच्या आठाने डोके उठले होते. ओरडलो, ‘एका विश्रांतीत एकच!’

‘काका, दोन्ही वेगळे आहेत. दोन्ही मिळतात.’

‘बस खाली.’

ते दोन नसल्याने जखमा भरण्याचा मंत्र तिला उरला नाही. सात वर्षे सांभाळलेले तिचे पात्र, चिमाबाई, पुलावर मेले. त्याच आठवड्यात मी नियम वाचला आणि गप्प राहिलो. जावयांचे अज्ञान निदान बोलते. माझे ज्ञान घाबरून बसले. दोहोंत हीन कोणते, हे मला समजते. याद्वारे चिमाबाईचा मृत्यू रद्द करण्यात येत आहे.

५. लेथवर घडवलेले पितळी फासे, मोहिमेच्या वह्या व खेळप्रमुखाची खुर्ची, म्हणजेच पेटी, परीक्षेने द्यावी. दिव्याने खैरात घेतली नसती. हे कलम उमेदवारांना परीक्षेनंतरच वाचून दाखवावे.

दोन वाट्या घ्या. एकीत तीन खडे, दुसरीत दोन. या एका विश्रांतीत चौथ्या पातळीचा, म्हणजे एकाच वाटीतले चार खडे लागणारा, एक मंत्र परत मिळवून दाखवायला सांगा. जो एका वाटीतले दुसरीत ओतील, त्याने पोहे खाऊन घरी जावे. ‘काका, नाही मिळत,’ असे म्हणून जी वाट्यांना हातही लावणार नाही, तिला खुर्ची द्या.

मोशी, रविवार, दि. १४ सप्टेंबर २०२५
(सही) विलास भीमराज ओव्हाळ

साक्षीदार:
दीपमाला जगताप
नवनाथ शेळके (चाचणीत वाट्या ओतल्या, साक्षीस पात्र, वारशास नाही)