थोडा चहा-भात

प्रिय चिकाको,

देवळाच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहितेय, हसू नकोस. कोरी बाजू वाया का घालवायची? ओबोनला पूर्वजांचे दिवे लावायला मुलांना घेऊन येतेस, हे अमिदा बुद्धांपुढे उदबत्ती लावून सांगितलं.

बाबांचं विचारलंस. डॉक्टर म्हणाले, मेंदूत 'बोल' म्हणणाऱ्या पेशी असतात तशा 'थांब' म्हणणाऱ्याही असतात. वय झालं की या 'थांब'वाल्यांचा आवाज सगळ्यांच्याच डोक्यात क्षीण होतो, बाबांच्या फारच झालाय. तो परत आणणारं औषध नाही. लोणच्याच्या दुकानात जन्मभर गिऱ्हाइकांपुढे शब्द गिळलेला माणूस, आता मनात येईल ते तोंडावर. देवळात पुजाऱ्याचं सूत्रपठण चाललं होतं, तर मोठ्याने म्हणाले, "किती रेकतोय हा! पोटात कावळे ओरडताहेत." शेजारच्या निशिवाकीबाईंनी घरचा खारवलेला मुळा दिला, तर "वहिनी, याला मोज्यांचा वास येतो!" त्या हसल्या, पण आता दारावरून जाताना छत्री आड धरतात. मी मेली माफी मागत फिरते.

तुझा ताकुमा पहिल्यांदा आला तेव्हाचं आठवतं? बाबांनी अदबीने विचारलं, "थोडा चहा-भात घेणार का?" क्योतोचा माणूस असं विचारतो तेव्हा चुलीवर काही नसतं, पाहुण्याने उठायचं असतं. आणि हा सप्पोरोचा भोळा म्हणाला, "हो, वाडगाभर चालेल!" मी तांदूळ धुवायला पळाले. नंतर बाबाच पोट धरून हसले, "जावई खादाड मिळाला गं!"

दुखणं सुरू झालं तेव्हा माझ्यावरही ओरडायचे, "भात करपवलास, म्हातारे!" मला बरंच वाटायचं. म्हातारी कोणाची, ते तरी ठाऊक होतं.

हल्ली ओरडत नाहीत. सगळे लगाम सुटले, एक वाक्य तेवढं कसं उरलं कोण जाणे. संध्याकाळी नीट बसून, मान लववून मला विचारतात, "थोडा चहा-भात घेणार का, बाई?" पहिल्यांदा म्हटलं, "अहो, मी फुसाए." तर भिऊन थरथरायला लागले. तेव्हापासून मी उठते, नमस्कार करते, पुढच्या दाराने जाते आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात येते. पाहुणी गेली म्हणून ते सुटकेचा श्वास सोडतात, तो आतून ऐकू येतो. म्हणून हे पत्र. तुला विचारलं तर "बाबा, मी" म्हणू नकोस. मुलांनाही शिकवून आण, "नको, निघतो आता" म्हणायचं. ताकुमाला तर नक्की सांग. मागचं दार मी उघडं ठेवीन.

तुझीच
आई