हजारावा रहिवासी

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा जिना चढू देतो का आणि काकूंचा खोकला गेला का, हे आधी कळवा. माझं रडगाणं सावकाश वाचलंत तरी चालेल. (मात्र वाचा.) शिरगणतीचं हे काम तुमच्या शब्दामुळे मिळालं, त्याचे आभार मानायचे राहिले होते. आधीच्या तीन पत्रांत मानले ते आभार नव्हते, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

गावाचा भूगोल सोपा आहे. तीन बाजूंना तळं, चौथीला चिखल. तळं उन्हाळ्यात मागे सरकतं आणि पावसाळ्यात लोकांच्या ओसरीवर येतं, त्यामुळे सात महिन्यांत मी चार नकाशे काढले आणि चारही त्या त्या वेळी बरोबर होते. लोकसंख्या मात्र अवघड. अर्धं गाव दिवसभर होडीत आणि उरलेलं त्याला काठावरून हाका मारत. त्यात वरून हुकूम आला, की आकडा हजाराच्या खाली गेला तर इथला दवाखाना बंद आणि नर्सची बदली. दुसरा दवाखाना तळ्यापलीकडे, होडीने दोन तास. हे कळल्यापासून नावाड्याचे म्हातारे वडील मला तीन घरांत भेटले, दर वेळी वेगळी टोपी घालून. चौथ्या घरी मी म्हटलं, "आजोबा, बसा आता, दमला असाल." ते ओशाळून बसले.

बेरीज आली नऊशे नव्याण्णव. त्या धक्क्याने मी होडीत उभा राहिलो (उभं राहायचं नसतं, हे सगळ्यांनी सांगितलं होतं) आणि सगळ्या तक्त्यांसकट तळ्यात पडलो. मला नावाड्याने बाहेर काढलं, माझ्यातलं पाणी नर्सने काढलं आणि तक्ते गावाने. घरोघरी आपापला तक्ता दोरीवर वाळवला, त्यावर इस्त्री फिरवली, पुसलेली अक्षरं पुन्हा गिरवली. काका, घरात दोन माणसं वाढवायला याहून चांगली संधी कुणाला मिळणार? मी एकेक तपासला. कुणीही एकसुद्धा माणूस वाढवलेला नव्हता. टोपीवाले आजोबाही एकाच घरात होते. मला भरून आलं, ते लपवायला मी पुन्हा बेरीज करत बसलो.

तर एक तक्ता जास्त निघाला. घर: सुताराच्या दुकानावरची खोली. माणसं: एक. काम: मोजणे. शेरा: पोहता येत नाही. सहा महिने राहिला तो रहिवासी, हा नियम मीच दारोदार वाचून दाखवला होता. मी सही केली. या लोकांनी मला दोनदा वर काढलं, असं मी धरून चालतो.

तुमचा, आणि आता इथलाही,
पुतण्या

ता. क. माझ्या बदलीसाठी तुम्ही साहेबांकडे शब्द टाकणार होतात. टाकला नसेल तर टाकू नका. टाकला असेल तर गुडघ्याचं सोसून एकदा जिना चढा आणि तो परत घ्या. मी गेलो तर दवाखाना जातो.

आणखी एक. तो जास्तीचा तक्ता कुणी भरला, हे गावात कुणी सांगत नाही. पण 'अविवाहित' या शब्दापुढे एक बारीक प्रश्नचिन्ह आहे, आणि अक्षर माझ्या औषधाच्या बाटलीवरच्यासारखं आहे. काकूंना म्हणावं, खोकला जरा कमी झाला की याच दवाखान्यात दाखवायला या.