चांदणीचं स्टूल

नागपूर, ९ डिसेंबर २०२४

चि. रितिकाले आजीचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक. माहे गुडघे कुरकुरतात, पण ते जुनंच. थंडी अशी पडली का सकाळी नळाखाली हात धरवत नाही. तू पुण्यात स्वेटर घालतेस का नाही? तुही मैत्रीण सुरुची फोटोत बिनास्वेटरची दिसली, तिलेही सांग.

तू म्हणशील, आजीच्या पत्रात या खेपेले एवढ्या चुका काहून? तं हे पत्र मी शेजारच्या एस्तेरबाईले दाखवलं नाही. साठीनंतर तिनंच मले लिहायले शिकवलं, महिन्याला तुले एक पत्र लिहायची अटही तिचीच. पण यावेळची गोष्ट तिच्यापासूनच लपवायची आहे.

तुले माहीत आहे, दर एक डिसेंबरले तिचे मालक प्रीतमभाऊ आपलं सागाचं स्टूल मागायले यायचे, अन् त्यावर चढून त्यांच्या दारावर ख्रिसमसची चांदणी टांगायचे. भाऊ ऑगस्टमध्ये गेले. यंदा स्टूल मागायले कोणी आलं नाही. एक तारीख गेली, दोन गेली, दार अंधारातच. मी समजली. दुःखाचं वर्ष आहे, सण नाही. तुहे आजोबा गेले त्या दिवाळीले मी कढईसुद्धा चढवली नव्हती.

मग काय, मी गल्लीभर फिरली. सगळ्यांले बजावलं का यंदा एस्तेरबाईसमोर मेरी ख्रिसमस म्हणायचं नाही, लायटिंग लावायची नाही. मारोतरावनं गणपती मंडळाच्या माळा काढल्याच होत्या, त्या परत पेटीत ठेवायले लावल्या. समोरच्या कांताबाईनं शंका काढली का त्यांच्यात खरंच तसं असते का, एकदा विचारून पाहा. मी तिले सांगितलं का असं विचारायचं असते का वं कोणाले! काल चर्चची गाणारी मंडळी ढोलकी वाजवत आली, त्यांले कोपऱ्यावरच गाठलं, चहा-समोसे चारले अन् तिथूनच परत पाठवलं. एस्तेरबाईले पत्ताच नाही. लय समाधान वाटलं मले.

मेथीचे लाडू पाठवते. सुरुचीले दोनच दे, ती डबा साफ करते.

माया पातळ होऊ देऊ नको, जेवण टाळू नको.

तुही आजी,
मैनाबाई


पुणे, १४ डिसेंबर २०२४

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

लाडू पोचले, सुरुचीने तीन खाल्ले. स्वेटर घालते.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग कपाळावर हात मारला. कारण त्याच दिवशी एस्तेरआजीचं नाताळचं कार्डही आलं. दरवर्षी दोन ओळी असतात, यंदा दोन्ही बाजू भरल्या आहेत.

आजी वं, त्यांच्यात दुःखाच्या वर्षी नाताळ थांबत नाही! उलट भाऊआजोबांची आठवण म्हणून तिला चांदणी हवीच होती. तिच्याने चढवत नाही, आणि कोणाला सांगायचा तिला संकोच. मैना स्टूल घेऊन येईल म्हणून ती रोज वाट पाहत होती. मारोतरावांनी माळा काढल्या आणि परत पेटीत ठेवल्या, ते तिने खिडकीतून पाहिलं. गाणाऱ्यांसाठी केक कापून दाराशी बसली होती. ढोलकी कोपऱ्यापर्यंत ऐकू आली आणि तिथेच बंद झाली, असं लिहिलंय.

आता ऐक. तिचा मुलगा रोशनकाका चोवीसला बंगळूरहून येतोय, तिला कायमचं घेऊन जायला. इतकी वर्षं ती नाही म्हणत होती, यंदा हो म्हणाली. गल्लीत आता आपलं कोणी राहिलं नाही, असं तिचं म्हणणं.

अख्ख्या गल्लीला गप्प बसवणारी बाई नागपुरात एकच, आणि ती माझ्याच नशिबी! कांताआजीचं ऐकलं असतंस तर? पुढे काय करायचं ते तुला कळतं. फक्त स्टूलवर तू चढू नकोस. चढू नकोस. चढू नकोस.

रागावले तरी तुझीच आहे, एवढं लक्षात असू दे.

तुझी नात,
रितिका


नागपूर, २७ डिसेंबर २०२४

चि. रितिकाले अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुह्या पत्रानंतर दोन दिवस मी दाराबाहेर निघाली नाही. लाजच तेवढी वाटली. तिसऱ्या दिवशी स्टूल कडेवर घेतलं अन् भर दुपारी एस्तेरबाईच्या दारात उभी राहिली. सगळं सांगून टाकलं, समोशासकट. तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला, अन् विचारलं का समोसे कोणत्या दुकानातले होते. मग अशी हसली, अशी हसली का शेवटी रडायलेच लागली. मीही.

खाटेखालून चांदणी काढली तं कागद उंदरांनी खाल्लेला, नुसत्या बांबूच्या काड्या. माह्या मायनं उमरेडले मागावर विणलेलं लाल पातळ होतं ना पेटीत, त्याचा पदर कापला अन् काड्यांवर शिवला. ओरडू नको, पेटीत ते कोणासाठी उजेड पाडून राहिलं होतं? आत बल्ब लावला तं विणीच्या बारीक भोकांतून लाल उजेड सांडला बाई सगळ्या दारावर.

स्टूलवर मीच चढली. मारोतरावनं स्टूल धरलं, डोळे मिटून. कांताबाईनं चौदा ऑक्टोबरच्या धम्मचक्र दिनाच्या निळ्या माळा आणल्या, मारोतरावनं मंडळाच्या. त्यातली एक माळ आरतीची धून वाजवते, ती बंदच होत नाही. गाणाऱ्यांले मी चर्चमध्ये जाऊन बोलावून आणलं. त्यांनी त्याच धुनेवर ढोलकी धरली. चोवीसले रोशन बॅग घेऊन आला तं त्याले गल्लीच ओळखू येईना.

एस्तेरबाईनं त्याले सांगितलं का चांदणी उतरली का येते. त्यांच्यात सहा जानेवारीले उतरवतात. आज सकाळी पोरगा माह्याकडे आला, सहा तारखेले स्टूल द्याल का विचारायले. मी म्हणलं बेटा, स्टूलवर तुळशीची मोठी कुंडी ठेवली आहे, हलवता येत नाही. त्यानं कुंडीकडे पाहिलं, मग अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या आपल्या आईकडे. ती मान वर करीना. हसला अन् एक तिकीट रद्द करायले गेला.

कुंडी खरंच जड आहे वं. उचलायले आम्ही दोघी लागलो.

हे पत्र एस्तेरबाईनं तपासलं आहे. इकडची वाट विसरू नको, चांदणी तुले पाहायची आहे अजून.

तुही आजी,
मैनाबाई